भरलेल्या गाडीचे दुखणे

चि. निखिल आणि चि. अनघा यांस अनेक आशीर्वाद.

निखिल, तुझे पत्र पोहोचले. तुझी गाडी महिनाभर वाटेत मध्येच बंद पडते. वर्कशॉपवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग डायनमो (त्याला तुम्ही हल्ली वेगळे काहीतरी म्हणता), मग एक कॉम्प्युटरचे खोके बदलले, आणि गाडी आपली बंद पडतेच आहे. त्याच्याखाली अनघाने स्वतःच्या अक्षरात भर घातली आहे : "आजी, तुमच्या वेळी बरं होतं. गाड्याच नव्हत्या."

गाड्या होत्या. बंदही पडत होत्या. म्हणून आज सकाळची कामे आवरून, चष्मा पुसून बसले आहे. शाळेत आणि पुढे कॉलेजात मी विजेचे धडे इंग्रजीतून पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरले. जे लक्षात राहिले ते हसाजी मिस्त्रींनी सांगितलेले. त्यांच्याविषयी तुम्हाला आजवर एक ओळही लिहिली नाही. ही माझी चूक आहे, आणि मला लिहिता येते आहे तोवर ती दुरुस्त करते.

आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मुंबईहून लाँचने धरमतरच्या बंदरात उतरायचे, आणि तिथून सर्व्हिस मोटारीने पोयनाडवरून कार्ल्याची खिंड ओलांडून अलिबागला यायचे. सर्व्हिस मोटार म्हणजे उतारूंची बस : अमेरिकेहून आलेले इंजिन नि सांगाडा, आणि त्यावर इथल्या सुताराने चढवलेली लाकडी पेटी. आमचे घर अलिबागेत, माझे वडील वकील. घरासमोर रस्त्यापलीकडे पत्र्याची एक शेड होती. तिच्यात गाड्यांच्या विजेची कामे होत, आणि ती करणारे एकटे हसाजी मिस्त्री.

ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमच्याकडे त्यांना शनवारतेली म्हणत, कारण त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. मिस्त्रींचा घाण्याशी काही संबंध उरला नव्हता, पण शनिवार पक्का होता. त्या दिवशी ते विस्तव पेटवीत नसत, हत्यार धरीत नसत, गाडीत बसत नसत. खरे म्हणजे गाडीत ते इतर दिवशीही बसत नसत. खिंडीखालच्या वाडीत त्यांचे घर होते, आणि तिथून अलिबागेपर्यंत ते रोज पायी येत. वडिलांनी एकदा विचारले, "हसाजी, दिवसभर मोटारी नीट करता आणि चालत जाता?" तर म्हणाले, "वकीलसाहेब, मोटारीत बसलो की माझा प्रवास होत नाही, तपासणी होते. उतरतो तेव्हा डोकं दुखत असतं."

उंच, वाकलेले, डोक्यावर काळी टोपी. कामाला लागण्यापूर्वी ते साबणाने हात धूत. बाकीचे मिस्त्री काम झाल्यावर धूत, हे आधी. "आपल्याकडे हवेतच मीठ. बोटालाही मीठ असतं. ते तारेला कशाला लावायचं? मागाहून तर सगळेच धुतात." चष्म्याच्या घरात ते चष्मा ठेवीत नसत. त्यात एक लहानसा दिवा असे, आणि त्याला डकवलेल्या दोन तारा. एक तार इथे, एक तिथे लावायची; दिवा लागला तर वीज इथपर्यंत येते, नाही लागला तर अलीकडेच कुठेतरी अडली. सगळी प्रयोगशाळा एवढीच.

पण दिवा फार उशिरा बाहेर निघे. आधी प्रश्न. एखादा ड्रायव्हर येऊन म्हणे, "मिस्त्री, कॉइल गेली." ते म्हणत, "तुझं मत राहू दे. तू काय बघितलंस ते सांग." मग वैद्याने विचारावे तसे : कधीपासून? गार असताना की तापल्यावर? रस्ता कसला होता? पाऊस होता का? आवाज कमी होत गेला की एकदम गेला? ड्रायव्हर वैतागून म्हणे, "अहो, गाडी बघा ना!" "बघतोय तर. तुझ्यातून बघतोय."

एका जज्जसाहेबांची गोष्ट तुम्हाला आवडेल. त्यांच्या मोटारीचा भोंगा डावीकडे वळताना आपोआप वाजू लागला. साहेब अतिशय भिडस्त. कोर्टाच्या वाटेवर एक डावे वळण होते, ते टाळण्यासाठी ते तीन उजवी वळणे घेऊन, समुद्राच्या बाजूने गावाला वळसा घालून कोर्टात जाऊ लागले. लोक म्हणत, साहेब हवा खायला जातात. शेवटी मोटार शेडमध्ये आली. मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. साहेबांना जागच्या जागी चाक डावीकडे, उजवीकडे फिरवायला लावले, आणि स्वतः चाकाच्या दांड्याला कान लावून ऐकत राहिले. मग म्हणाले, "साहेब, भोंगा निर्दोष आहे. दांड्याच्या आतली तार सोलली गेली आहे, डावीकडे वळलं की लोखंडाला टेकते." साहेबांनी अत्यंत गंभीरपणे विचारले, "शिक्षा काय?" "दोन इंच कापडी पट्टी." जज्जसाहेबांना हसताना मी तेव्हाच पाहिले.

आणि विजेबद्दलचे त्यांचे ते बोलणे. मी इंग्रजी चौथीत (म्हणजे तुमच्या आठवीत) असेन. पुस्तकातले 'सर्किट' डोक्यात शिरेना म्हणून वडिलांनी मला त्यांच्याकडे पाठवले. ते म्हणाले, "बाळ, वीज म्हणजे बॅटरीची लेक. दिव्याकडे जाईल, भोंग्याकडे जाईल, कुठंही जाईल, पण तिला परत माहेरी यायचं असतं. माहेरची वाट बंद असेल तर ती घरातून पाऊलच टाकत नाही. जायला तार असते, ती सगळ्यांना दिसते. यायला तार नसते, ती गाडीच्या लोखंडातून येते. म्हणून ती वाट कुणी तपासत नाही." तुमच्या गाडीतही आज असेच असते, निखिल. विचारून बघ.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

त्या सर्व्हिस मोटारींपैकी एकीवर गणू नावाचा ड्रायव्हर होता. धरमतरच्या खाडीकाठचा आगरी, मिठागरावरचा. त्यांच्या पाड्यातला पहिलाच माणूस ज्याच्या हातात चाक आले. मोटारींचे मालक मुंबईचे गुजराती शेठ. त्यांनी गणूला ठेवला तेव्हा इतर ड्रायव्हरांनी नाके मुरडली होती : फावडे धरणारा हात, चाक काय धरणार! गणूच्या पाड्यातले आणखी दोघेतिघे क्लीनर म्हणून उमेदवारी करत होते, आणि गणूचे काय होते इकडे सगळ्यांचे डोळे होते. तो टिकला तर ते टिकणार होते.

त्या पावसाळ्यानंतर गणूची मोटार कार्ल्याच्या खिंडीत बंद पडू लागली. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा, तीनदा. ऐन चढावर इंजिन थांबे. उतारू शिव्या देत खाली उतरत. आणि थोड्या वेळाने मोटार काही न करता पुन्हा चालू होई. मुंबईहून शेठचा कारागीर आला, त्याने कॉइल बदलली. पुन्हा आला, बॅटरी बदलली. मोटार बंद पडतच राहिली. मग कुणीतरी शेठच्या कानात सांगितले की खिंडीत ताडी-माडी मिळते, गणू तिथे मुद्दाम थांबतो.

शेठनी निरोप पाठवला : हसाजीला दाखवा. गुरुवारी मोटार शेडमध्ये आली. मिस्त्रींनी सबंध दिवस तपासली. हात धुतले, दिवा लावला, एकेक तार पाहिली. संध्याकाळी शेठच्या माणसाला म्हणाले, "गाडीत दोष नाही."

गणू तिथेच उभा होता. तो एवढेच म्हणाला, "मंग दोस माझ्यान हाय म्हना की, मिस्त्री."

मिस्त्रींनी वर पाहिले. ते असे काही म्हणत नव्हते, पण त्यांच्या वाक्याचा दुसरा अर्थ निघत नव्हता. मी आमच्या ओटीवरून पाहत होते, असे सांगता आले असते तर बरे झाले असते. पण तोवर मी मुंबईच्या शाळेच्या वसतिगृहात राहायला गेले होते. हे सारे नंतर आईकडून ऐकले. पुढचे मात्र मी डोळ्यांनी पाहिले, कारण दिवाळीच्या सुटीसाठी त्या शनिवारी मी घरी येत होते, आणि गणूच्याच मोटारीत होते.

मोटार खच्चून भरलेली. पुढे गणूच्या शेजारी खुद्द शेठ. ते त्याच लाँचने आले होते आणि बसतानाच सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले होते, "गणू, आज गाडी थांबली तर तू पण उतरायचा. समजला? घरी जायचा. मीठ उचलायचा." माझ्या शेजारी हिरा नावाची कोळीण होती. सकाळी हीच मोटार अलिबागेहून मासळीच्या टोपल्या धरमतरला नेई, आणि दुपारी हिरा रिकाम्या टोपल्या घेऊन परत येई. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "बोकड बांदलाय बग कसा. देवा म्हसोबा, आज खिंड चरू दे रं ह्याला." (चरू म्हणजे चढू; त्यांच्या बोलीत ड-ढ चा र होतो.)

खिंड चढली नाही. अर्ध्या चढावर इंजिनाला धाप लागली आणि मग ते थांबले. खडखड नाही, आचके नाहीत. एकदम शांत.

"बस!" शेठ म्हणाले. "उतरा सगळे. तू पण."

आम्ही सगळे रस्त्यावर उतरलो. गणू चाकामागे तसाच बसून होता. हात चाकावर.

तेवढ्यात खालच्या वाडीकडून हसाजी मिस्त्री चढ चढत येताना दिसले. पांढरे स्वच्छ कपडे, हात पाठीमागे धरलेले. शनिवारी दुपारी ते झोपत असत. त्या दिवशी झोपले नाहीत, पडवीत बसून राहिले, असे त्यांच्या बायकोने, साराबाईंनी, मागाहून आईला सांगितले. चढावरचा इंजिनाचा आवाज त्यांच्या पडवीत ऐकू जाई.

"आवो, आवो हसाजी," शेठ म्हणाले. "तुमीच बोलला ना, गाडीमदे काय पण नाय?"

"बोललो. पण आता ऐकलं ते निराळं आहे."

"तो करा दुरुस्त!"

"आज शनवार आहे, शेठ. मी हात लावणार नाही. कुणाला काम सांगणारही नाही."

हिरा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग आलास कशाला, म्हाताऱ्या? आमची मजा बगाया?"

"विचारायला आलो. विचारायला बंदी नाही."

ते चाकाजवळ गेले. हात पाठीमागेच. "गणू, बंद पडली तेव्हा आचके दिले का?"

"नाय. कुनी गला दाबला तशी गेली."

"समोरचा विजेचा काटा कुठं होता?"

"चर लागला का काटा खाली येतो. डायनमो दमतो."

"डायनमो दमला की इंजिनाला वीज कोण देतं?"

गणूने जरा विचार केला. "बॅटरी."

"आणि आता बॅटरी वीज देते का, कुणी पाहिलं?"

गणूने बटण दाबले. इंजिन तात्काळ चालू झाले.

"जुओ, बघा!" शेठ ओरडले. "चालू! काय पण नाय झाला! नाटक करते!"

गणूचा चेहरा उतरला. मिस्त्रींनी आम्हा सगळ्यांकडे वळून विचारले, "मघाशी बंद पडली, आता चालते. मधे काय बदललं?"

हिराच म्हणाली, "बदाललं काय! मगाशी आमी आत व्हतो, आता भायेर हाव!"

मिस्त्रींनी तिच्याकडे असे पाहिले की जणू तिने टोपलीतून ताजा हलवा मासा काढून दिला. "मग आत बसलं तर काय होईल, असं वाटतं?"

आम्ही चालत्या इंजिनावर एकेक करून चढलो. इंजिन चालू. टोपल्या चढल्या. चालू. सगळे बसलो, एक शेठ राहिले. मिस्त्री म्हणाले, "शेठ, तुम्ही मघाशी आत होता ना?" शेठनी धोतराचा सोगा सावरून पायरीवर पाय ठेवला, आपला सगळा भार टाकला, आणि इंजिन बंद पडले.

मागून कुणीतरी फिस्सकन हसले, आणि सबंध मोटार हसू लागली. शेठ उतरले, गणूने बटण दाबले, इंजिन चालू. शेठ चढले, बंद. तिसऱ्यांदा शेठ स्वतःच मोजूनमापून पाय ठेवून बघू लागले, आणि तिथे त्यांचा राग संपला. व्यापारी माणूस, डोळ्यांनी पाहिलेले नाकारीत नसे.

"भाराने लोखंड वाकतं," मिस्त्री गणूला म्हणाले. "वाकलं की वीज अडते. आता मला सांग, जायची वाट की यायची?"

"जायची तर मुंबईवाल्यान् सगली बदालली."

"मग?"

गणू सदरा काढून मोटारीखाली शिरला. बॅटरी मागच्या फळ्यांखाली होती. तिथून एक जाड पट्टा निघून गाडीच्या सांगाड्याला बोल्टाने बसवलेला असतो. विजेची परतीची वाट तीच. बॅटरीकडचे टोक नवे, चकचकीत होते. सांगाड्याकडचे टोक कुणी उघडलेच नव्हते. बाहेरून बोल्ट घट्ट दिसत होता. गुरुवारी मिस्त्रींनीही दिवा लावून पाहिला होता, आणि रिकाम्या, सपाटीवर उभ्या मोटारीत तो दिवा छान लागला होता.

बराच वेळ खालून नुसता पान्ह्याचा आवाज आला. मग गणूचा. "मिस्त्री! ह्याला मीठ लागलंय! आमच्या खारीच्या उघारीची बिजागरी अशीच खातंय मीठ. वरशी बगाल तं लोखंड, आतशी भुसा!"

खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधाला पाणी सोडायचे दार असते, त्याला उघाडी म्हणतात. तिची बिजागरी वरून न दिसता आतून कशी पोखरते, हे मिठागरावरच्या माणसाइतके कुणाला कळणार? बोल्टाच्या वरच फळ्यांत एक फट होती, आणि रोज सकाळी मासळीच्या टोपल्यांचे खारे पाणी त्या फटीतून बरोबर त्याच्यावर ठिबकत होते.

"म्हंजे आमचा दोस?" हिराने विचारले.

"पाण्याचा," मिस्त्री म्हणाले.

गणूने हिराची कोयती मागून घेतली, पट्टा आणि सांगाडा खरवडून पांढरे केले, बोल्ट आवळला. तो बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत काळा झाला होता. त्याला कुणी काहीही करायला सांगितले नव्हते, आणि काम सगळे त्याच्या हाताने झाले होते.

मग मिस्त्री शेठकडे वळले. सगळ्यांसमोर, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "गुरुवारी मी म्हणालो गाडीत दोष नाही. गाडी रिकामी होती तेव्हा तपासली. रिकाम्या गाडीला दुखणं नव्हतं, भरलेल्या गाडीला होतं. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. या पोरावर आळ आला तो माझ्या बोलण्यानं."

शेठ काही क्षण टोपी हातात घेऊन उभे राहिले. मग गणूला म्हणाले, "चल, बैस. उशीर होते." आणि मोटारीत चढताना, पायरीवर पाय ठेवण्यापूर्वी, एकदा थबकले. इंजिन चालूच राहिले. आम्ही खिंड चढून पलीकडे उतरलो. मिस्त्री आले तसे चालत वाडीकडे परतले.

त्यानंतर त्यांनी रिकामी गाडी कधी तपासली नाही. शेडमध्ये सर्व्हिस मोटार आली की ते रस्त्यावर उभे राहून हाका मारीत, "या रे, बसा पाच मिनिटं!" भाजी घेऊन निघालेल्या बायका, कोर्टातले पट्टेवाले, आमच्या घरी आलेले पाहुणे, कुणीही जाऊन उभ्या मोटारीत बसत आणि गप्पा मारीत. माझी आत्या पुण्याहून आली होती, ती दोनदा बसली. तिला वाटले, अलिबागेत मोटारीची हौस अशी फुकटात भागवतात.

मी कॉलेजसाठी मुंबईला निघाले तेव्हा निरोप घ्यायला शेडमध्ये गेले. एका लॉरीखालून चार पाय बाहेर आलेले होते. दोन मिस्त्रींचे, दोन गणूचे. आत कडाक्याचा वाद चालला होता.

"तार ठीक आहे, मी पाहिली."

"नाय, मिस्त्री. तुमी गार आसताना बगितली. तापल्यावं बगा."

मग मिस्त्रींचा आवाज, अतिशय खुशीत : "बरं. तापव."

मी बाहेरूनच म्हणाले, "मिस्त्रीकाका, येते मी." ते खालूनच म्हणाले, "ये बाळ. नीट शिक." बाहेर आले नाहीत. त्यांना पुढचे बघायचे होते. मी त्यांना पुन्हा पाहिले नाही.

मिस्त्रींच्या मुलांनी पुढे इस्रायलची वाट धरली. शेडच्या जागी आता कापडाचे दुकान आहे. शेठच्या मोटारी कधीच मोडीत गेल्या, आणि गणू म्हातारा होऊन गेल्या वर्षी वारला. त्याच्या पाड्यात मी मागच्या महिन्यात जाऊन आले. मिठागरे बहुतेक बुजली आहेत, पण जवळजवळ प्रत्येक घरापुढे एक ट्रक उभा असतो, आणि तो त्या घरातलेच कुणीतरी चालवते.